गॅरेज पुरे, आतला बल्ब दाखवा

मोठ्या कंपन्यांच्या जन्मकथा हल्ली सगळ्या एकाच साच्यातून निघतात. दोन मित्र, एक गॅरेज, खिशात तुटपुंजे पैसे, आणि पुढच्या परिच्छेदात थेट जगभर नाव. मला याचा मनापासून राग येतो. पहिला माल कुठे अडत होता आणि ती अडचण कशी सुटली, हे खरं शिकण्यासारखं. आणि नेमकं तेच गाळलं जातं.

अमेरिकेतल्या ह्यूलेट-पॅकार्ड या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीचंच घ्या. पालो अल्टोचं ते गॅरेज आणि ५३८ डॉलरचं भांडवल सगळ्यांना पाठ. पण त्यांचा पहिला माल, २००ए ऑडिओ ऑसिलेटर, कशामुळे चालला? ध्वनियंत्रणा तपासायला हव्या त्या वारंवारतेची स्वच्छ लहर देणारं हे यंत्र. त्या सर्किटची गोम अशी की अँप्लिफायरचा गेन, म्हणजे लहर किती पट मोठी होते तो आकडा, बरोबर ३ वर राहावा लागतो. किंचित कमी पडला की लहर विझते, किंचित वाढला की लहरीचे माथे छाटले जातात. आणि अँप्लिफायरमधले व्हॉल्व्ह (त्या काळच्या निर्वात काचनळ्या) तापले, जुने झाले की गेन हलणारच. संस्थापकांपैकी बिल ह्यूलेटने फीडबॅकच्या, म्हणजे बाहेर आलेली लहर परत आत नेणाऱ्या, वाटेत एक साधा छोटा बल्ब बसवला. लहर वाढली की बल्बची तार तापते, तापली की तिचा रोध वाढतो आणि गेन आपोआप खाली येतो. लहर मंदावली की तार निवते, गेन पुन्हा वर. बस्स, एवढंच! किंमत ५४.४० डॉलर, तर बाजारातले इतर ऑसिलेटर २०० डॉलरच्या पुढे. (मॉडेलचा आकडा २०० पासून सुरू केला तो कंपनी नवखी वाटू नये म्हणून.) डिस्नेने पुढच्या २००बीचे आठ नग घेतले, तेव्हा गॅरेज बघायला कुणी गेलं नव्हतं.

लेगोची कथा तर अर्धीच सांगतात. डेन्मार्कमधल्या बिलुंडचे सुतार ओले कर्क क्रिस्टियानसेन १९३२ पासून लाकडी खेळणी करत. प्लास्टिकची वीट त्यांनी १९४९ मध्ये आणली. मूळ कल्पना ब्रिटनच्या किडीक्राफ्टवाल्या हिलरी पेज यांची. हे मोकळेपणाने सांगायला हवं, कारण लेगोचं खरं कर्तृत्व त्यापुढचं आहे. सुरुवातीची वीट खालून नुसती पोकळ होती. खालच्या विटेवरचे गोल खुंट आत बसायचे, पण पकड ढिली, घर उचललं की विटा सुटायच्या. २८ जानेवारी १९५८ ला पेटंटसाठी अर्ज झाला तो आतल्या नळ्यांचा: आठ खुंटांच्या विटेत तीन नळ्या. खुंट आता नळी आणि भिंत यांच्यामध्ये घट्ट धरला जाऊ लागला. तरी एक दुखणं उरलंच. विटांचं तेव्हाचं प्लास्टिक, सेल्युलोज अ‍ॅसिटेट, काळाने वाकतं, रंगही बदलतो, आणि इथे मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाने पकड बिघडते. १९६३ पासून एबीएस प्लास्टिक आलं, तेव्हा कुठे विटेचा आकार वर्षानुवर्षं टिकू लागला.

मोटारी बनवणाऱ्या टोयोटाचं मूळ कापड विणायच्या मागात आहे, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण त्या मागात काय होतं ते क्वचित कुणी सांगतं. टोयोटाच्या संस्थापकाचे वडील साकिची तोयोदा यांचा १९२४ चा जी-टाइप माग धागा तुटला की स्वतःहून थांबायचा, त्यामुळे सदोष कापड पुढे विणलंच जात नसे. १९२९ मध्ये त्याचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सला १ लाख पौंडांना देण्याचा करार झाला. पुढे मोटारी बनू लागल्या, आणि दोष दिसला की कामगारच लाइन थांबवू लागले. त्या पद्धतीला टोयोटात आजही जिदोका म्हणतात.