साठ आकड्यांचं गुपित

कालपासून आमच्या वाडीत मी मटका घेतो. म्हणजे घेत नाही, पण तसं ठरलंय, आणि मालवण तालुक्यात एखादी गोष्ट पिकपशेडमध्ये, म्हणजे एसटीच्या थांब्यावर, ठरली की ती सातबारावर चढल्यासारखीच, खाली उतरवायला पुढच्या पिढीला खेपा घालाव्या लागतात.

विषय जमिनीचाच. सड्यावर, म्हणजे वरच्या कातळावर, आमचा एक सामायिक तुकडा आहे, त्यावर नावं इतकी की प्रिंट एका पानात मावत नाही. तो मोजून घ्यायचं चाललं होतं आणि मुंबईच्या चुलतभावांना ते गणपतीपर्यंत कळू नये एवढीच माझी माफक इच्छा. भाचा पुण्याला आयटीत, तो म्हणाला, मामा, व्हॉट्सअ‍ॅपवर ह्यातलं एक अक्षर टाकू नको, सिग्नल नावाचं अ‍ॅप घे. मी म्हटलं, अरे व्हॉट्सअ‍ॅपपण 2016 पासून सिग्नलवाल्यांचाच प्रोटोकॉल, म्हणजे मजकूर कुलूपबंद करायची पद्धत, वापरतं ना? (मामा पण वाचतो थोडंफार.) तर म्हणे, मजकूर बंद असतो रे, पण कोण कुणाशी कधी बोललं, तो मेटाडेटा! सिग्नलवाले तो ठेवतच नाहीत. 2016 मध्येच अमेरिकेत ग्रँड ज्युरीने (खटला भरायचा की नाही ते ठरवणारं तिथलं मंडळ) त्यांच्याकडे माहिती मागितली, तर द्यायला निघालं काय, खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी कनेक्ट झालं, बास. वर हेही ऐकवलं की ती धंदेवाली कंपनी नाहीच, मागे ना-नफा फाउंडेशन आहे, आणि व्हॉट्सअ‍ॅप काढणाऱ्या दोघांपैकीच एकाने, ब्रायन अ‍ॅक्टनने, 2018 मध्ये त्यात 5 कोटी डॉलर घातले. 5 कोटी डॉलर! आणि इथे मी मोजणीची फी भरताना दोनदा पाणी प्यालो.

घेतलं. मग म्हणे सेफ्टी नंबर जुळवायचा. म्हणजे प्रत्येक चॅटचा एक साठ आकडी नंबर असतो, पाच-पाचचे बारा गट, दोघांच्या स्क्रीनवर तोच दिसला पाहिजे, नाहीतर मध्ये कोणीतरी बसलाय असं समजायचं. समोरासमोर असलो तर क्यूआर स्कॅन करून मिनिटात होतं. पण भाचेसाहेब गणपतीला येणार, आणि मोजणीचे कागद त्याला आज हवेत. तर साध्या फोनवर वाचून दाखव.

पाऊस असा की लाईट नाही, लाईट नाही म्हणून वायफाय नाही, आणि मोबाईलची रेंज येते ती फक्त पिकपशेडमध्ये, त्यातही उजव्या बाकड्याच्या टोकाला. तिथे तात्या बसलेले. तात्या एसटीची वाट बघत नाहीत, एसटीतून कोण उतरतं ते बघतात.

मी सुरू केलं. चार, शून्य, सात, नऊ, दोन. भाचा म्हणाला, मोठ्याने मामा, पाऊस वाजतोय. मी मोठ्याने. तिसऱ्या गटाला तात्यांनी खिशातून पेन काढलं आणि लाईट बिलाच्या पाठीवर लिहायला लागले.

"जरा हळू सांग रे, माझा लिवन होवक नाय."

मी हाताने खुणा केल्या की तुमच्यासाठी नाहीये हे. तात्या म्हणाले, "माका म्हायत आसा रे कोणासाठी ता. पण मेल्या, पाच आकड्यांचो मटको कधीपासून सुरू झालो?"

शेडमध्ये म्हावऱ्याची पाटी घेऊन बसलेल्या दोघी होत्या, त्या एकमेकींकडे बघून हसल्या. बास, तिथेच ठरलं. पुढे भाचा म्हणाला, सहावा गट परत सांग, तर मी तोंड उघडायच्या आत तात्यांनी बिलावरून खणखणीत वाचला. बरोबर वाचला, हे त्यातलं वाईट. भाचा ओरडला, कोण आहे तिकडे? मामा, सिक्युरिटी! मी म्हटलं अरे तूच बोललास ना की हा नंबर पासवर्ड नव्हे, कोणी ऐकला म्हणून बिघडत नाही? तर म्हणे हो, पण तरी.

नंबर जुळला. मग तात्यांना समजावून सांगणं आलं. मी म्हटलं, हे सुरक्षित अ‍ॅप आहे, ह्याचा कोड इंटरनेटवर उघडा आहे, कोणीही वाचून तपासू शकतं. तात्या म्हणाले, "म्हणजे कुलपाचो नकाशो सगळ्यांका वाटल्यानी आणि कुलूप म्हणे घट?" मी म्हटलं, नकाशा वाटला तरी किल्ली आपल्याच फोनात असते ना. म्हणून तर चार जाणकार त्यातली खोट शोधून सांगू शकतात. आपण काय बोलतो ते बनवणाऱ्यालाही वाचता येत नाही.

तात्यांनी बिलाची घडी घातली, खिशात ठेवली (त्यावर दोन पैसे लावले असणार, माझी खात्री आहे) आणि म्हणाले, "वाचूक कित्याक व्हया? दर आयतवारी तू हय येवन पुण्याक फोन लावतंस. बुधवारी तुझ्या सड्यार मोजणीवालो इलो, तुझ्या बायलेन कोंबडो कापल्यान. मुंबैच्या भावाचो फोन इलो तो तू उचलूक नाय. सड्यावरचो तुकडो काढतंस, दुसरा काय?"

एक मेसेज न वाचता! अमेरिकेच्या ग्रँड ज्युरीला जे मिळालं नाही ते ह्या माणसाकडे कोंबड्यासकट आहे.

आता राग तात्यांवर काढून उपयोग नाही. मला पिकपशेडमध्ये उभं केलं कोणी? सड्यावर टॉवर आहे हो, घरातून दिसतो, आंब्याच्या वर लाल दिवा लागतो त्याचा. पण वीज गेली की तो पण गेला, जनरेटरमध्ये डिझेल नाही म्हणतात, आणि तक्रारीचा नंबर लावायचा तर त्याला रेंज लागते. रिचार्ज मात्र महिना संपायच्या तीन दिवस आधीपासून मागतात, तो मेसेज बरोब्बर पोचतो.

आज सकाळी परत शेडमध्ये गेलो, कागदाचे फोटो पाठवायला. निम्मे गेले असतील नसतील, तोच मुंबईच्या भावाचा फोन. तात्यांचा मेव्हणा लालबागला राहतो. "काय रे, मोजणी झाली म्हणे?"

मी म्हटलं, हॅलो, हॅलो, आवाज तुटतोय तुझा, इथे रेंज नाही, पावसानंतर बोलू. आणि कट केला. चारही दांडे फुल्ल होते. तात्यांनी वाकून बघितले.