सहा डिसेंबरची गर्दी आणि पुस्तके : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

महापरिनिर्वाण दिनी शिवाजी पार्कवर भरणाऱ्या पुस्तकांच्या बाजाराविषयी मी लिहिलेल्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, याबद्दल आभारी आहे. आपला आक्षेप थोडक्यात असा : ज्या बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत विभूतिपूजेविरुद्ध बजावले, त्यांचीच आज पूजा चालली आहे, आजोबांच्या पिढीने विचार जपला, नातवांच्या पिढीला पुतळा आणि डीजे पुरतो, आणि मी मात्र त्या गर्दीलाच वारसा समजून तिचे कौतुक करीत बसलो. बाबासाहेबांना त्यांच्या अनुयायांनीच एका समाजापुरते कोंडून ठेवले, असेही आपण शेवटी म्हटले आहे.

त्या भाषणाचा आधार आपण घेतलात, म्हणून तेथूनच सुरुवात करतो. जॉन स्टुअर्ट मिलच्या विचाराचा दाखला देऊन बाबासाहेबांनी सांगितले होते की, माणूस कितीही थोर असला तरी आपले स्वातंत्र्य त्याच्या चरणी वाहू नये आणि संस्था मोडून टाकता येतील एवढी सत्ता त्याच्या हाती देऊ नये. धर्मात भक्तीने मुक्ती मिळत असेल, पण राजकारणात ती अधःपाताकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. हा इशारा सत्ताधाऱ्यापुढे मान तुकवणाऱ्या नागरिकाला उद्देशून आहे. बाबासाहेबांच्या नावावर तिकिटे मिळवणाऱ्या पुढाऱ्यांना आणि त्यांच्या मागे डोळे झाकून जाणाऱ्यांना तो जरूर ऐकवावा. विदर्भ-मराठवाड्यातून रेल्वेने येऊन चैत्यभूमीच्या रांगेत तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या शेतमजूर बाईला तो ऐकवण्यात काय हशील आहे? तिने कोणाच्याही हाती कसलीच सत्ता सोपवलेली नाही.

गर्दी आणि विचार ही दोन टोके आहेत, हे आपले गृहीतकही मला मान्य नाही, कारण महाडचा इतिहास त्याच्या उलट साक्ष देतो. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने 1923 सालीच मंजूर केला होता आणि महाडच्या नगरपालिकेने पुढच्या वर्षी तसा ठरावही केला होता. कागद चोख होता, तरीही तळ्यावर जाण्याची कोणाची छाती होत नव्हती. 20 मार्च 1927 रोजी परिषदेला जमलेले हजारो लोक चवदार तळ्यापर्यंत चालत गेले, तेव्हा त्या ठरावाला अर्थ आला. पुढे नगरपालिकेने ठराव मागे घेतला, प्रकरण न्यायालयात गेले आणि उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल 1937 च्या मार्चमध्ये लागला. ती दहा वर्षे लोकांनी धीर धरला, तोही वाचनाने धरला असे म्हणता येणार नाही, कारण त्यातल्या बहुतेकांना अक्षरओळख नव्हती.

आजोबांच्या पिढीने विचार जपला हे खरे, पण कसा जपला ते पाहावे लागेल. 1956 नंतर बराच काळ बाबासाहेबांचे समग्र लेखन कोठेही एकत्र मिळत नव्हते. शासनाच्या ग्रंथमालेचा पहिला खंड वसंत मून यांच्या संपादनाखाली 1979 साली निघाला. मधल्या वीस-बावीस वर्षांत वारसा टिकला तो जलशांत, शाहिरांच्या गळ्यात, भिंतीवरच्या तसबिरीत आणि स्वस्त पुस्तिकांत. पुढे चौथ्या खंडातील राम आणि कृष्ण यांच्यावरील परिशिष्टावरून वाद पेटला आणि शासन कचरले, तेव्हा 1988 च्या फेब्रुवारीत मुंबईत प्रचंड मोर्चा निघाला. त्यातील मतांशी शासन सहमत आहेच असे नाही, अशी टीप घालून अखेर मजकूर कायम राहिला. एका पुस्तकातली पाने गाळली जाऊ नयेत म्हणून रस्त्यावर उतरलेल्या समुदायाला विचारशून्य कसे म्हणायचे, हे मला कळत नाही. उलट, या खंडांची छपाई रखडल्याच्या बातमीची 2021 च्या डिसेंबरात उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. वाचणारे मागत होते आणि छापणारे थांबले होते, अशी ती स्थिती होती.

लेखात मी ज्या आजींविषयी लिहिले होते, त्यांच्याबद्दल आपण ‘भाबडी श्रद्धा’ असा शब्द वापरला आहे. त्यांनी काय केले ते पुन्हा सांगतो. ताडपत्रीवर मांडलेल्या पुस्तकांतून त्यांनी एक पातळ पुस्तिका उचलली, मुखपृष्ठावरचा फोटो नीट पाहिला, ती नातवाच्या हाती दिली आणि मधलेच एक पान मोठ्याने वाचायला लावले. पोरगा एका जोडाक्षराला अडला, तर त्यांनी त्याला तो शब्द पुन्हा वाचायला लावला. मग कनवटीचे पैसे काढून भावात घासाघीस केली. शेजारीच प्लास्टरच्या मूर्ती होत्या. त्यातलीही एक त्यांनी घेतली. आपल्याला मूर्ती तेवढी खटकली.

डीजेचा त्रास मलाही होतो आणि त्याची तरफदारी मी करणार नाही. मात्र गणपतीच्या मिरवणुकीतील भिंतींएवढ्या स्पीकरांपुढे नाचणाऱ्या मुलांकडून कोणी वाचनाचा हिशेब मागत नाही; तो एप्रिलच्या मिरवणुकीकडूनच मागितला जातो. त्याच तरुणांपैकी कित्येक जण जयंतीनिमित्त ग्रंथालयांत सलग अठरा तास अभ्यासाला बसतात, आणि चैत्यभूमीवर हार-मेणबत्त्यांऐवजी एक वही, एक पेन आणावे ही मोहीमही याच पिढीने चालवली आहे.

राहिला एका समाजापुरते कोंडण्याचा आरोप. बाबासाहेबांनी 1937 साली खोती पद्धत, म्हणजे कुळांकडून सारा वसूल करणाऱ्या खोतांची कोकणातील जमीनदारी, रद्द करण्याचे विधेयक मांडले आणि 10 जानेवारी 1938 रोजी कोकणातील शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर नेला. त्या कुळांत कुणबी फार मोठ्या संख्येने होते. त्याच वर्षी 7 नोव्हेंबरला औद्योगिक विवाद विधेयकाविरुद्ध जो संप झाला, त्यात कामगार जात पाहून उतरले नव्हते. हिंदू कोड बिल रखडल्यावर त्यांनी 1951 साली मंत्रिपद सोडले, तेव्हा त्या बिलातील वारसाहक्क आणि घटस्फोटाच्या तरतुदी सवर्ण स्त्रियांनाही लागू होणार होत्या. शिवाजी पार्कवरच्या ताडपत्रीवर खोतीविरोधी लढ्याच्याही पुस्तिका मिळतात आणि त्या विकत घ्यायला कोणालाही मज्जाव नाही. ज्यांच्या पणजोबांची जमीन त्या लढ्यामुळे नावावर झाली, त्या घरांत बाबासाहेबांचा फोटो का नाही, याचा जाब चैत्यभूमीच्या रांगेत उभ्या असलेल्यांनी द्यावा, ही अपेक्षा मला न्याय्य वाटत नाही.

आपला,
लेखक