तुळाजींच्या घरातल्या बायकांवर कादंबरी कोण लिहिणार?

आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत सत्ताधीशाच्या बायकोला ठरलेली दोनच कामं. नवरा लढाईला निघाला की ओवाळायचं आणि वाईट बातमी आली की उंबऱ्यात कोसळायचं. आमच्या देवगड तालुक्यातल्या विजयदुर्गावर काय घडलं ते वाचलं आणि तेव्हापासून मला हे सहनच होत नाही.

फेब्रुवारी १७५६. समुद्रात इंग्रज अ‍ॅडमिरल वॉटसनचं आरमार, सोबत क्लाइव्हची फौज, जमिनीवर इंग्रजांच्याच बाजूने नानासाहेब पेशव्यांचं सैन्य. किल्ल्याचे धनी, मराठा आरमाराचे सरदार तुळाजी आंग्रे बोलणी करायला पेशव्यांच्या छावणीत गेलेले, ते तिथेच अडकले. किल्ल्यात त्यांची आई, दोन बायका आणि मुलं. तोफांचा मारा सुरू झाला, एका जहाजाने पेट घेतला आणि बघता बघता आंग्र्यांचं सगळं आरमार जळालं. पाठोपाठ किल्लाही पडला.

पुढचं लिहून ठेवलंय एडवर्ड आइव्ह्जने. हा वॉटसनच्या जहाजावरचा सर्जन. वॉटसन या घरच्यांना भेटायला गेला तेव्हा तुळाजींची आई म्हणाली, रयतेला राजा उरला नाही, मला मुलगा नाही, सुनांना नवरा नाही, नातवंडांना बाप नाही. वॉटसन म्हणाला, यापुढे मलाच बाप समजा. त्यावर सहाएक वर्षांच्या धाकट्या पोराने रडत त्याचा हात धरला, म्हणाला, मग तुम्हीच माझे बाबा.

आइव्ह्ज जिंकणाऱ्यांचा माणूस. आपल्या अ‍ॅडमिरलचा मोठेपणा त्याला दाखवायचाच होता, आणि किल्ल्यातली सुमारे १० लाखांची लूट इंग्रजांनी आपसात वाटून घेतली हेही विसरायला नको. तरी त्या पोराची आई तिथेच असणार ना? नवरा जिवंत आहे, मराठ्यांच्याच कैदेत आहे, आणि पोटचा पोर शत्रूला बाप म्हणतोय. तिला काय वाटलं असेल? आइव्ह्ज तिचं नावसुद्धा देत नाही. कादंबरीकाराचं काम इथूनच सुरू होतं.

कृपा करून तिच्या हातात तलवार देऊ नका. कोठारात भात किती उरलंय, जळालेल्या गलबतांवरच्या खलाशांच्या बायकांना तोंड कसं दाखवायचं, सवतीवर विश्वास टाकायचा की नाही, हे लिहा. नवऱ्याने पेशव्यांशी उभं वैर घेतलं, ते तिला पटलं होतं का, हेही लिहा. तुळाजी पुढे कैदेतून कधीच सुटले नाहीत. त्या सगळ्या वर्षांत ही बाई कशी जगली असेल?

कुणी लिहायला घेत असेल तर जरूर कळवा. किल्ल्याचा तट, वाघोटणची खाडी, आंग्र्यांची गोदी, सगळं मी स्वतः फिरून दाखवीन.