अमीन सायानींचा धंदा

20 फेब्रुवारी 2024 रोजी रेडिओचे निवेदक अमीन सायानी गेले, तेव्हा जो तो त्यांच्या आवाजाविषयी लिहीत होता आणि ते स्वाभाविकच होते. मात्र बारा वर्षे नैमित्तिक उद्घोषक म्हणून काढून आता स्वतःचा छोटा ध्वनिमुद्रण स्टुडिओ चालवणाऱ्या माझ्यासारख्याला त्यांच्या आवाजाहून त्यांच्या धंद्याचे कौतुक अधिक वाटते.

आकाशवाणीच्या हिंदी स्वरचाचणीत ते नापास झाले होते. उच्चारांत गुजराती आणि इंग्रजीची भेसळ आहे, असे त्यांना सांगण्यात आले. पुढे 1952 साली नभोवाणी खाते आपल्या पुण्याच्या बा. वि. केसकरांकडे आले, आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली आणि श्रोत्यांनी रेडिओची सुई श्रीलंकेतल्या रेडिओ सिलोनकडे वळवली. 3 डिसेंबर 1952 रोजी तिथे ‘बिनाका गीतमाला’ हा चित्रपटगीतांचा कार्यक्रम सुरू झाला. अर्ध्या तासात सात गाणी. संहिता लिहायची, निवेदन करायचे, श्रोत्यांची आलेली पत्रेही तपासायची आणि या सगळ्याचे आठवड्याला 25 रुपये. एवढ्या पैशांत अनुभवी माणूस मिळेना, म्हणून काम एकोणीस वर्षांच्या अमीनकडे आले. पहिल्याच कार्यक्रमाला 9,000 पत्रे आली.

या कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण मुंबईत होई आणि टेप विमानाने कोलंबोला जाई, ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. प्रक्षेपक दुसऱ्याचा, पैसा टूथपेस्ट विकणाऱ्या प्रायोजकाचा आणि कार्यक्रम घडवणारे तिसरेच. आज पॉडकास्टवाले जी रचना नवी म्हणून सांगतात, ती सत्तर वर्षांपूर्वी अशी चालू होती. मधल्या काळात, 1960 ते 1962, सायानींनी टाटा ऑइल मिल्समध्ये साबणांच्या विपणनाचेही काम केले. जाहिरातदाराला नेमके काय हवे असते, हे ते मायक्रोफोनच्या पलीकडे बसून शिकले असावेत, असा माझा तर्क आहे. पुढे 1976 पासून त्यांचे कार्यक्रम आणि जाहिराती अमेरिका, कॅनडा, इंग्लंड, मॉरिशस, फिजी अशा देशांत जाऊ लागल्या.

आम्हा उद्घोषकांना ही बाजू कोणी शिकवलीच नाही. आम्हाला श्वास कुठे घ्यावा आणि ‘च’चे दोन उच्चार कुठे वेगळे करावेत हे येत होते, बिल कसे करावे हे येत नव्हते. उद्घोषकाचे काम सोडून बाहेर पडल्यावर पहिल्याच वर्षी मी एका बियाणे कंपनीसाठी तीस सेकंदांचा जाहिरातीचा स्पॉट केला. गाद्या आणि गोधड्या लावलेल्या खोलीत, पंखा बंद करून, घाम पुसत सतरा टेक दिले आणि ठरलेले पैसे घेतले. पुढच्या खरिपात तोच आवाज गावोगावच्या प्रचारगाड्यांवर वाजत होता. मी फोन केला, तेव्हा “साहेब, रेकॉर्डिंगचे पैसे दिलेत ना?” असे उत्तर मिळाले. रागावण्याचाही मला हक्क नव्हता, कारण कागद केलेलाच नव्हता.

त्यामुळे नोकरी सोडून या क्षेत्रात येऊ पाहणारी मुले विचारायला येतात, तेव्हा मी त्यांचा आवाज शेवटी ऐकतो. आधी माझ्या बिलाचा नमुना दाखवतो. त्यात स्टुडिओचे भाडे, संहिता, निवेदन आणि संकलन अशा चार वेगळ्या ओळी आहेत आणि पाचवी ओळ ठळक अक्षरांत आहे: ‘वापर फक्त रेडिओवर, एका वर्षापुरता.’