पैसा सरकारने द्यावा, दवाखाना चालवू नये : शहाद्याच्या ताईंना उत्तर

ताई, सरकारने दवाखाने चालवू नयेत असं मी लिहिलं, त्यावर तुम्ही चिडून विचारलंत : मग नंदुरबारच्या डोंगरातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर कोण जाणार, जळगावच्या रिंगरोडवरचे डॉक्टर? कोरोनात नंदुरबारला ऑक्सिजन दिला तो सरकारनेच ना? आणि खासगीवाले लुबाडतात त्याचं काय?

गरिबाच्या उपचाराचा खर्च सरकारनेच उचलावा, यात आपलं दुमत नाही. माझा विरोध आहे तो मुंबईत बसून तालुक्याचा दवाखाना चालवण्याला.

गेल्या पावसाळ्यात माझे मामा ट्रॉलीवरून पडले. ग्रामीण रुग्णालयात नेलं. डॉक्टर हजर होते, रात्रभर ड्यूटी करून उभे होते. त्यांच्याबद्दल माझी कसलीच तक्रार नाही. एक्स-रे मशीन होतं, पण त्यावर निळं कापड झाकलेलं. टेक्निशियनची जागा रिकामी. रस्त्याच्या पलीकडे एक पोरगा खासगीत एक्स-रे काढतो, तेच शिक्षण झालेला. त्याला रोज दोन तास बोलवावं म्हटलं, तर ते डॉक्टरांच्या हातात नाही. दवाखान्याच्या किरकोळ खर्चासाठी रुग्ण कल्याण समितीचा निधी असतो, पण त्यासाठी बैठक, ठराव, मंजुरी. भरती वरून, बदली वरून. शेवटी मामांना स्ट्रेचरवरून रस्ता ओलांडून नेलं, पैसे मोजले आणि फिल्म परत इकडे आणली. डॉक्टरांनी ती खिडकीच्या उजेडाकडे धरली आणि म्हणाले, "धुयाले लई जा," म्हणजे धुळ्याला घेऊन जा. खुब्याचं हाड मोडलं होतं.

औषधांचंही तेच. २०१७ मध्ये राज्याने औषधखरेदी हाफकिन या मुंबईतल्या सरकारी महामंडळाकडे एकवटली. जिल्ह्याजिल्ह्यांत तुटवडा पडला, ओरड झाली आणि २०२३ मध्ये वेगळं प्राधिकरण काढावं लागलं. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले, ते चांगलंच झालं. पण केसपेपर फुकट मिळाला आणि "हे बाहेरून आणा" अशी चिठ्ठी हातात पडली, तर मजुराचं काय वाचलं?

नंदुरबारबद्दल म्हणाल, तर तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांच्या कामाचा मलाही अभिमान आहे. सामोड्याचा हा माणूस स्वतः डॉक्टर. दुसरी लाट यायच्या आधीच ऑक्सिजनचं काम हाती घेतलं. पण २०२० च्याच जूनमध्ये जळगावच्या सिव्हिलमधून ८२ वर्षांची कोरोनाग्रस्त आजी बेपत्ता झाली आणि आठव्या दिवशी तिथल्याच शौचालयात तिचा मृतदेह सापडला. राज्य तेच, सरकार तेच. जिल्ह्याला कोण अधिकारी लाभला यावर रुग्णाचा जीव ठरत असेल, तर त्या व्यवस्थेवर मी भरवसा कसा ठेवू?

पाड्यांवर रिंगरोडचे डॉक्टर जाणार नाहीत, खरं आहे. पण बाळंतिणीला झोळीत घालून डोंगर उतरवावा लागतो, तो सरकारी व्यवस्थेतच ना? गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. नवजात मृत्यू निम्म्याहून जास्त घटले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने ते छापलं. पुढे तीच पद्धत आशाताईंच्या हातून देशभर गेली. करून दाखवलं खात्याबाहेरच्या माणसांनी, पसरवायला पैसा सरकारचा. मी मागतोय ते एवढंच.

लुबाडणूक होतेच, नाकारत नाही. धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बलांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात; किती जण ठेवतात ते सरकारने तपासावं. त्याचं खरं काम ते. रुग्णालयातल्या उपचाराचा खर्च सरकार भरतं, त्या जीवनदायी योजनेच्या पहिल्या टप्प्यात, २०१२ मध्ये, आपला धुळे जिल्हा होता. आज तीच महात्मा फुले योजना. मामांचं ऑपरेशन तिच्यातच झालं. एका ठिकाणी नीट बघेनात तर योजनेतल्या दुसऱ्या रुग्णालयात जाता येतं, पैसा रुग्णामागे जातो. उपकेंद्रातल्या बाईला ही सोय कुठे आहे?

माझं म्हणणं, धडगाव-अक्कलकुव्यातल्या काही उपकेंद्रांचा पैसा ग्रामसभा आणि एखाद्या चांगल्या संस्थेच्या हाती द्यावा. नर्स कोण ठेवायची, औषध कुठून घ्यायचं, ते तिथेच ठरू द्यावं. तुम्ही त्या भागात फिरता असं लिहिलंत. कुठल्या उपकेंद्रात नर्स मुक्कामी असते आणि कुठे कुलूप असतं, तेवढं कळवा. पुढचा लेख त्यावरच लिहितो.