गिअर पडेल, पण त्याच्या मुहूर्तावर

ऑटोमॅटिक गाडीत गिअर बदलायची कटकट नसते, असं म्हणतात. असते हो. ती गाडीने स्वतःकडे घेतलेली असते, आणि वय झालं की ती बोलून दाखवते. 'डी'त टाकलं की दोन सेकंद ढिम्म, मग पाठीत धपका. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना इंजिन बोंबलतं, गाडी मात्र विचारात पडलेली.

लगेच 'गिअरबॉक्स गेला' म्हणून सुतकी चेहरा करणाऱ्यांपुढे मी हात जोडतो. आधी गिअरबॉक्सची डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, काढा. बहुतेक जुन्या गाड्यांत हे ऑइल इंजिन चालू ठेवून, गरम असताना, सपाट जागेवर बघतात: ब्रेक दाबून लिव्हर प्रत्येक खुणेवर क्षणभर थांबवायचा, मग 'पी'त आणायचा. काहींत इंजिन बंद करून बघायचं असतं. मॅन्युअल वाचा, तो बिचारा इतकी वर्षं त्यासाठीच पडून आहे.

ऑइल कमी असेल तर पंप हवा ओढतो, दाब पडतो, गिअरबॉक्सच्या आतले क्लच घसरतात. म्हणून उत्साहाने लिटरभर ओतू नका. दोन खुणांत बहुधा अर्धा लिटरही मावत नाही. जास्त झालं की आतले फिरते भाग त्यात रवी घालतात, आणि फेसाने दाब पुन्हा पडतो. रंग लाल हवा. तपकिरी आणि जळका वास म्हणजे क्लच प्लेट्सनी मान टाकायला घेतली. दुधाळ गुलाबी दिसलं तर रेडिएटरमधल्या, हे ऑइल थंड करणाऱ्या कूलरमधून कूलंट आत शिरलंय. किल्ली खिशात ठेवा.

मग किकडाउन केबल, म्हणजे ॲक्सिलरेटर किती दाबलाय हे गिअरबॉक्सला कळवणारी तार. ढिली असेल तर गिअर लवकर आणि लेचेपेचे पडतात, ताणलेली असेल तर उशिरा, दणका देत. पुष्कळ गिअरबॉक्सेसमध्ये ढिली केबल दाबही कमी ठेवते आणि क्लच जाळते, त्यामुळे 'गुळगुळीत चालतेय' म्हणून खूश होऊ नका.

आणखी जुन्या गाडीत केबलऐवजी व्हॅक्यूम मॉड्युलेटर असतो, म्हणजे इंजिनाच्या ओढीवरून तेच काम करणारी, आत पडदा असलेली डबी. त्याची नळी उपटून बघा. आत ऑइल सापडलं तर पडदा फाटलाय. इंजिन ते ऑइल पिऊन पांढरा धूर सोडतं आणि संशय पिस्टन रिंगांवर जातो!

60–80च्या वेगात गाडी थरथरते? ॲक्सिलरेटर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेक जेमतेम टेकवा, अर्थात रस्ता मोकळा बघून. त्याने टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिनाची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणाऱ्या भागाचा) लॉकअप, म्हणजे दोघांना थेट जखडणारा क्लच, सुटतो. थरथर थांबली तर संशय तिथेच. मात्र गिअरबॉक्स उतरवण्याआधी स्पार्क प्लग बघा. त्यांची पापं याच गिअरबॉक्सच्या खात्यावर सर्रास लिहिली जातात.