पाटाला चाकं

डॉक्टर म्हणाले, ४ ते ६ आठवडे याला जागचं हलू द्यायचं नाही. हे ते आमच्या नातवाबद्दल म्हणत होते, वय अडीच, जो झोपेतसुद्धा उशीवरून निघून पलंगाच्या पायथ्याशी सापडतो. दिवाणावरून उडी मारली, पाय चादरीत अडकून पिळला आणि मांडीचं हाड मोडलं. या वयात हाड भराभर जुळतं म्हणे, त्यामुळे ऑपरेशन वगैरे नाही, नुसती भूल देऊन स्पायका प्लास्टर. मला वाटलं पायाला असेल. बाहेर आणला तर छातीखालपासून सुरू, एका पायाला घोट्यापर्यंत, दुसऱ्याला गुडघ्यापर्यंत, तंगड्या फाकलेल्या, मधे आडवी दांडी आणि शी-शूपुरती खाली खिडकी.

दांडी धरून उचलायचं नाही, तुटते, असं नर्सबाईंनी बजावलं. येणारा प्रत्येक माणूस पहिला हात तिलाच घालतो.

मुलगा-सून ऑफिसला, म्हणजे डायपर माझ्याकडे आणि ह्यांच्याकडे. छोटा डायपर खिडकीतून आत खोचायचा, त्याच्यावरून मोठा बाहेरून बांधायचा, आत ओल गेली की संपलंच, वास जात नाही आणि कातडी सोलते ती वेगळीच. हे बँकेतून रिटायर झालेत, तरी अजून मोठा आधी लावतात. त्यात इंदूरला कचरा सहा प्रकारांत द्यायचा, डायपरचा डबा वेगळा. गाडीवाल्याने आमचा तो डबा पाहिला आणि विचारलं, "माताजी, जुड़वाँ हुए क्या?" आणि त्याच्या गाडीचं गाणं ऐकू आलं की युवराजांना गॅलरीत न्यायचंच, प्लास्टरसकट, नाहीतर सगळी कॉलनी रडणं ऐकते.

खाज हा खरा प्रकार. आत पट्टी, सुई, पेन्सिल काही घालायचं नाही, पावडर नाही, लागलं तर ड्रायरची गार हवा. पण इंदूरच्या पोराला शेव आणि जीरावन मसाल्याशिवाय पोहे कसे देणार? गळ्याशी नॅपकिन कोंबून भरवले तरी एक दिवस पोटाजवळ कुरकुरायला लागलं म्हणून टॉर्च मारून बघितलं, आत लवंगी शेव. बोटाला लागेल तेवढी काढली, उरलेल्या शेवेवर सूनबाई ड्रायर घेऊन बसली, सगळ्या घराला जीरावनचा वास. त्यानंतर पोहे बिनशेवेचे, आणि त्याने ते खाल्लेच नाहीत, ह्यात मला त्याची चूक वाटत नाही.

बोटं गुलाबी आणि गरम आहेत ना, हे सारखं बघायचं असतं, दाबून सोडली की रंग लगेच परत यायला हवा. त्याला हा खेळ वाटला. मग दूधवाल्यालाही चप्पल काढून बोटं दाखवायला लावली.

बघायला येणाऱ्यांचं तर विचारूच नका. ह्यांचे मावसभाऊ तीनदा म्हणाले, "वहिनी, कशाला डॉक्टर, आपल्याकडे पहलवान आहे, तेल लावून एका झटक्यात हाड बसवतो." मी चहा दिला. झटक्यात बसवायला ते काय कुकरचं झाकण आहे?

दर दोन-तीन तासांनी कूस बदलायची, थोडा वेळ पोटावरही ठेवायचं. पोटावर असला की हाताने फरशी ओढत सरपटायला बघायचा. डॉक्टरांना विचारून मी जेवणाच्या मोठ्या पाटाला सुताराकडून चाकं लावून घेतली, वर गादी, त्यावर पालथा घालून ओढणीने बांधला. झालं! हाताने वल्हवत स्वयंपाकघर ते देवघर, मी मागे, हे माझ्या मागे. हलू द्यायचं नाही ते आम्हाला असावं, कारण रात्री हललो नाही ते आम्हीच.

प्लास्टर कापायची मशीन नुसती थरथरते, कातडी कापत नाही, पण आवाज असा की ह्यांनीच डोळे मिटले. पाय बारीक झालेत, लंगडतोय, चालेल हळूहळू. पाटाची चाकं मात्र काढू देत नाही. परवा मावसभाऊ जेवायला आले, साधा पाट समजून टेकले आणि थेट फ्रिजपर्यंत गेले. लागलं नाही फारसं. म्हटलं, भाऊजी, त्या पहलवानाचा नंबर आहे ना तुमच्याकडे?